पिशवी कोण धरणार? डीकार्बॉक्सिलेशन सोडवायची माझी पद्धत

ठाण्याच्या नौपाड्यात रविवारी सकाळी मी टी.वाय. आणि एम.एस्सी.च्या मुलांना ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. डीकार्बॉक्सिलेशन म्हणजे रेणूतला कार्बॉक्सिल गट (COOH) तुटून कार्बन डायऑक्साइड सुटणं. दर वर्षी पहिल्या चाचणीत मी एक प्रश्न मुद्दाम घालते: बेंझोइक आम्लावर खाण्याच्या सोड्याचं द्रावण टाकलं, फसफसून कार्बन डायऑक्साइड आला, तर इथे डीकार्बॉक्सिलेशन झालं का? निम्मा वर्ग बेधडक ‘हो’ लिहितो. गॅस तोच, आम्लातला कार्बॉक्सिल गटही समोर दिसतोय, मग शंका कशाला?

उत्तर ‘नाही’ आहे. तो गॅस सोड्यातल्या बायकार्बोनेटचा. बेंझोइक आम्लाचे सातही कार्बन सोडियम बेंझोएटमध्ये जसेच्या तसे असतात. द्रावणात आम्ल ओता, बेंझोइक आम्ल परत खाली बसेल.

म्हणून पहिलं काम इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण काढायचं नाही, कार्बन मोजायचं.

आधी मोजणी

सुरुवातीच्या रेणूतले कार्बन मोजा, तयार झालेल्यातले मोजा. बरोबर एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन कमी झाले असतील तरच पुढे जा. एक कार्बन आणि एकच ऑक्सिजन गेला असेल तर बाहेर पडलाय तो कार्बन मोनॉक्साइड, आणि ते प्रकरण वेगळं. फॉर्मिक आम्लावर संहत सल्फ्युरिक आम्ल टाकल्यावर तेच होतं: पाणी निघून जातं आणि मोनॉक्साइड उरतो. नावं जुळ्या भावांसारखी असल्यामुळे मुलं इथे हमखास फसतात.

मोजणी जुळली की माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. वर्गात आता मुलंच तो माझ्याआधी ओरडतात: पिशवी कोण धरणार?

पिशवीची गोष्ट

सकाळच्या लोकलमध्ये उभ्या असलेल्या बाईची पिशवी बसलेली बाई न विचारता मांडीवर घेते, हे ठाण्याच्या माणसाला सांगायला नको. आता कार्बन डायऑक्साइड म्हणजे असा प्रवासी समजा, जो ठाण्याला उतरतो पण पिशवी गाडीतच ठेवून जातो. कार्बॉक्सिल गट आणि बाकीचा रेणू यांच्यामधल्या बंधात दोन इलेक्ट्रॉन असतात. कार्बन डायऑक्साइड तटस्थ रेणू म्हणून सुटतो, तेव्हा ही जोडी तो मागच्या कार्बनवर टाकून जातो. कार्बनला ऋण प्रभार सोसवत नाही. त्यामुळे ती जोडी मांडीवर घेणारं कुणीतरी शेजारी हवं: कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) ऑक्सिजन, धन प्रभाराचा नायट्रोजन, नायट्रो गट, काहीही. असं कुणी असेल तर अभिक्रिया सहज होते. नसेल तर नुसतं तापवून गाडी सहसा हलत नाही.

व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल ११८ अंशांना उकळतं, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. त्याच्या मिथाइल गटाच्या शेजारी पिशवी धरणारं कुणीच नाही, एवढंच त्याचं कारण. याउलट ट्रायक्लोरोॲसिटेटमध्ये तीन क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. तिथे ती जोडी कार्बनवरच निभावते आणि द्रावण तापवलं की क्लोरोफॉर्म मिळतो.

बीटा जागा शोधा

परीक्षेतले आणि कारखान्यातलेही बहुतेक प्रश्न या एका नमुन्यावर असतात, म्हणून इथे घाई करू नका. कार्बॉक्सिल गटाच्या कार्बनला १ म्हणा. दुसरा कार्बन अल्फा, तिसरा बीटा. तिसऱ्या कार्बनवर कार्बोनिल असेल तर ते बीटा-कीटो आम्ल. तिथे दुसरा कार्बॉक्सिल गट असेल तर ते मॅलॉनिक आम्लाच्या कुळातलं. दोघंही तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडतात.

बाण काढताना कार्बॉक्सिल गटाचा हायड्रोजन वळवून कीटोनच्या ऑक्सिजनजवळ आणा. हायड्रोजन, त्याचा ऑक्सिजन, कार्बॉक्सिलचा कार्बन, मधला कार्बन, कीटोनचा कार्बन आणि कीटोनचा ऑक्सिजन असं सहा जणांचं कडं होतं. तीन बाण एकाच दिशेने फिरतात. ओ-एच बंधातली जोडी खाली येऊन कार्बन डायऑक्साइडचा दुसरा दुहेरी बंध बनवते. सुटणाऱ्या कार्बन-कार्बन बंधातली जोडी आत सरकून नवा दुहेरी बंध बनवते. जुन्या कार्बोनिलची जोडी हायड्रोजन उचलते. कडं फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हातात ईनॉल, म्हणजे दुहेरी बंधातल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल असलेला रेणू, उरतं. ईनॉलचं पुढे कीटोन होतं. मुलं ईनॉलची पायरी गाळून थेट कीटोन लिहितात आणि तिथेच गुण जातात.

हे कडं खरंच बनतं याचा माझा आवडता पुरावा कापराच्या घराण्यातला आहे. कापरापासून कीटोपिनिक आम्ल बनवतात. कागदावर ते अस्सल बीटा-कीटो आम्ल दिसतं, पण तापवलं तरी सहजी कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. त्याचा कार्बॉक्सिल गट पुलाच्या टोकाच्या कार्बनवर बसलेला असतो. तिथे ईनॉल व्हायचं तर त्या टोकावरच दुहेरी बंध हवा, आणि दोन कड्यांच्या इतक्या लहान सांगाड्यात तो बसत नाही. हाच ब्रेड्टचा नियम. पिशवी धरणारा शेजारी आहे, पण त्याचा हातच पोचत नाही. मुलाखतीत हा प्रश्न आला तर ‘बीटा-कीटो आहे, तापवलं की होईल’ असं म्हणून मोकळे होऊ नका, आधी आकार बघा.

आम्ल की त्याचा क्षार, हेही पाहावं लागतं. ॲसिटोॲसिटिक आम्ल ३७ अंशांना साधारण १४० मिनिटांत निम्मं होतं, तर त्याच्या ॲनायनला (क्षारातल्या ऋण प्रभाराच्या रूपाला) शंभराहून जास्त तास लागतात. आम्लात हायड्रोजन हाताशी असतो, ॲनायनमध्ये तो गेलेला असतो. मधुमेह फार बिघडून रक्तात कीटोन साचले की रुग्णाच्या श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो, तो याच अभिक्रियेचा.

करून बघा

प्रयोगशाळेत शिक्षक सोबत असताना करायचा सोपा प्रयोग म्हणजे मॅलॉनिक आम्ल. २.६ ग्रॅम, म्हणजे एक मोलचा चाळिसावा भाग, कोरड्या गोल बुडाच्या ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या. वर पाण्याचा कंडेन्सर उभा लावा. त्याच्या तोंडातून एक नळी काढून तिचं टोक चुन्याच्या निवळीत बुडवा. फ्लास्कखाली तेलाचं बाथ ठेवा आणि तापमान १४० ते १५० अंशांच्या मध्ये राखा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

सुरुवातीला नळीतून बुडबुडे येतात आणि निवळी तशीच राहते. मुलं निराश होतात. ती फक्त तापून फुगलेली हवा असते. १३५ अंशांच्या आसपास पांढरे स्फटिक वितळू लागतात, मग वितळलेल्या द्रवातच बारीक फसफस सुरू होते आणि आता निवळी दुधाळ होते. थोड्या वेळाने ती परत स्वच्छ झाली तर घाबरू नका. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं.

कंडेन्सर का, तर तयार होणारं ॲसिटिक आम्ल या तापमानाला उकळतं. एका बॅचच्या मुलांनी कंडेन्सर न लावता साध्या परीक्षानळीत प्रयोग केला. आम्लाची वाफ थेट निवळीत गेली, तिने निवळीतला चुना उदासीन करून टाकला, निवळी दुधाळ झालीच नाही. मुलांनी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: कार्बन डायऑक्साइड आढळला नाही.

बुडबुडे थांबले की आधी नळी निवळीतून बाहेर काढा, मगच आच बंद करा. उलटं केलंत तर थंड होणारा फ्लास्क निवळी आत ओढून घेतो. हिशेबाने १.१ ग्रॅम वायू जातो आणि १.५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल उरतं. वजन थोडं कमीच भरेल. फ्लास्क गार झाल्यावर हाताने वाफ नाकाकडे लोटून वास घ्या, व्हिनेगर ओळखायला वेळ लागत नाही.

मॅलॉनिक एस्टर आणि माझी फजिती

हाच धडा वापरून नवी आम्लं बनवतात. डायएथिल मॅलोनेटमधला मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सोडियम इथॉक्साइडने काढायचा, अल्किल हॅलाइड जोडायचं, दोन्ही एस्टर सोडियम हायड्रॉक्साइडने फोडायचे, आम्ल टाकायचं आणि तापवायचं. शेवटी ॲसिटिक आम्लाला जणू एक नवी शेपटी जोडून मिळते. शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल करू नका. दोन्ही कार्बॉक्सिल गट क्षाराच्या रूपात असताना नुसतं तापवून फारसं काही होत नाही, कारण पिशवी ज्याच्याकडे द्यायची त्याच्याकडे आधीच ऋण प्रभार आहे.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. दोन लिटरचा फ्लास्क, एस्टर फोडून झालेलं द्रावण अजून गरम, आणि मला ट्रान्स हार्बर लोकलची सातची गाडी पकडायची होती. गार होईपर्यंत कोण थांबणार म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल भसाभस ओतलं. उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस कंडेन्सरमधून वर आला, फ्यूम हूडच्या काचेवर उडाला, आणि तीन दिवसांचं काम टिश्यू पेपरने पुसून काढलं. सातची गाडी तर गेलीच, नऊची मिळाली.

तेव्हापासूनचा माझा नियम: बर्फात ठेवून थेंब-थेंब आम्ल, पूर्ण आम्लधर्मी झालं की मगच हळूहळू तापमान वर. मोठ्या प्रमाणावर तर एकदम सगळं भरून तापवायचंच नाही. गरम द्रावकात आम्लाचं द्रावण थोडं-थोडं सोडायचं, म्हणजे जितकं आत जाईल तितकाच वायू बाहेर येईल आणि गरज पडल्यास पंप बंद करून थांबता येईल. हिशेब करून बघा: ५० किलो मॅलॉनिक आम्ल म्हणजे साधारण ४८० मोल. खोलीच्या तापमानाला एका मोलचा वायू सुमारे साडेचोवीस लिटर जागा घेतो. म्हणजे पावणेबारा हजार लिटर वायू, ५०० लिटरच्या रिॲक्टरमधून. व्हेंट मोकळा आहे का हे कागदावर नाही, शिडी चढून बघायचं. आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि तळघरात साचतो, हेही शिफ्टमधल्या पोरांना सांगून ठेवायचं.

जोडी फुटते तेव्हा

काही अभिक्रियांत पिशवी सांभाळायचा प्रश्नच येत नाही, कारण जोडी फुटते आणि एकेक इलेक्ट्रॉन वेगळा होतो. कोल्बे विद्युत अपघटनात सोडियम ॲसिटेटच्या द्रावणातून वीज सोडली की धनाग्रावर ॲसिटेटचा एक इलेक्ट्रॉन जातो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, मिथाइल रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले तुकडे) उरतात आणि दोन एकत्र येऊन इथेन होतो. म्हणून मिथेन बनवायला ही पद्धत चालत नाही, हा हमखास विचारला जाणारा एक गुणाचा प्रश्न. हुन्सडीकर अभिक्रियेत आम्लाचा चांदीचा क्षार आणि ब्रोमीन घेतात, एक कार्बन कमी असलेलं ब्रोमाइड मिळतं. ही अभिक्रिया १८६१ मध्येच अलेक्झांडर बोरोदिन यांनी केली होती, तेच बोरोदिन जे संगीतकार म्हणून जास्त प्रसिद्ध आहेत. नाव मात्र दुसऱ्यांचं लागलं.

आणि सोडालाइम, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि चुन्याचं मिश्रण? सोडियम ॲसिटेट सोडालाइमबरोबर तापवून मिथेन, सगळ्यांना पाठ आहे. ॲसिटेट आणि बेंझोएट सोडले तर ही पद्धत लांब साखळ्यांवर घाण करते. परीक्षेपुरती लिहा आणि पुढे चला.

शरीरात तेच, फक्त शेजारी भाड्याने

बायोकेमिस्ट्रीच्या मुलांना वाटतं, एन्झाइमचं शास्त्र वेगळं. नाही. प्रश्न तोच विचारायचा.

पायरुवेट घ्या. हे अल्फा-कीटो आम्ल आहे, कार्बोनिल अगदी चिकटून दुसऱ्याच कार्बनवर. मुलांना वाटतं, शेजारी आहे की! पण जोडी त्या कार्बोनिलच्याच कार्बनवर पडते, ऑक्सिजनकडे तिला सरकता येत नाही. म्हणजे पिशवी धरायला कुणी नाही. मग पेशी बाहेरून माणूस आणते: थायमिन पायरोफॉस्फेट. त्याच्या थायाझोलियम कड्यातला एक कार्बन पायरुवेटच्या कार्बोनिलला चिकटतो, आणि आता कार्बन डायऑक्साइड सुटला की जोडी त्या कड्यातल्या धन प्रभाराच्या नायट्रोजनकडे जाते. ही यंत्रणा रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये मांडली. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आणि ते भाताच्या कोंड्यात असतं. तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर तेही जातं. नुसत्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी हा बी-१ च्या अभावाचा आजार होतो. या शोधाची सुरुवात करणारे आइकमन १९२९ च्या नोबेलचे मानकरी झाले. हातसडीच्या तांदळाचं कौतुक करणारी माझी आजी रसायनशास्त्र न शिकता बरोबर होती.

अमिनो आम्लांना लागणारा शेजारी वेगळा: बी-६ पासून बनणारं पायरिडॉक्सल फॉस्फेट. ते अमिनो गटाशी शिफ बेस (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) बनवतं आणि जोडी आपल्या पायरिडिन कड्यातल्या नायट्रोजनपर्यंत पसरवतं. ग्लुटामेटचं गाबा होतं, डोपाचं डोपामाइन; दोन्ही मेंदूतले संदेशवाहक. पार्किन्सनच्या रुग्णाला लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा देतात तेही यासाठीच. नाहीतर मेंदूत पोचण्याआधीच बाहेर सगळ्या शरीरात लेव्होडोपाचं डोपामाइन होतं, आणि डोपामाइनला मेंदूत शिरता येत नाही. कार्बिडोपा बाहेरचं एन्झाइम अडवतं आणि स्वतः मेंदूत जात नाही.

हिस्टिडिनचं हिस्टामिन होतं, आणि हे उदाहरण थेट मासळी बाजारातलं. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर पडून राहिला की जिवाणू त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून हिस्टामिन करतात. असा बांगडा खाल्ला की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात, ‘मला मासळीची ॲलर्जी आहे.’ हिस्टामिन तळून किंवा उकळून जात नाही. चेंदणी कोळीवाड्यातून आणताना बर्फ पाहून घ्या, घरी आल्यावर पिशवी ओट्यावर विसरू नका. ही खरी पिशवी.

पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्स चक्रात आयसोसिट्रेटची गोष्ट मला सगळ्यात देखणी वाटते. त्याच्या बीटा जागी कार्बोनिल नाही, नुसता हायड्रॉक्सिल आहे. एन्झाइम आधी एनएडी हे हायड्रोजन काढून घेणारं को-एन्झाइम वापरून त्या हायड्रॉक्सिलचं कार्बोनिल करतं, म्हणजे स्वतःच्या हाताने बीटा-कीटो आम्ल बनवतं, आणि मग कार्बन डायऑक्साइड सोडतं. मॅग्नेशियम किंवा मँगनीजचा आयन त्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. त्याच्यापुढचं अल्फा-कीटोग्लुटारेट मात्र पायरुवेटच्या भावंडांतलं, त्याला पुन्हा थायमिन लागतं. दोन्ही ओळीने येतात, म्हणून गोंधळ होतो. अल्फा की बीटा एवढं विचारलंत की को-एन्झाइम पाठ करावं लागत नाही.

एक एन्झाइम मात्र या सगळ्याला वाकुल्या दाखवतं. ओरोटिडिन मोनोफॉस्फेटमधून (आरएनएचे घटक बनताना येणाऱ्या रेणूतून) कार्बन डायऑक्साइड काढणारं. ना थायमिन, ना पायरिडॉक्सल, ना धातू. पाण्यात आपोआप व्हायची वाट पाहिली तर या रेणूची निम्मी मात्रा संपायला ७.८ कोटी वर्षं लागतील, असं रॅडझिका आणि वोल्फेंडन यांनी १९९५ मध्ये मोजून दाखवलं. एन्झाइमच्या हाती तेच काम सेकंदाच्या एका छोट्या अंशात होतं. पिशवी नक्की कोण धरतं यावर अजून वाद चालू आहेत. मुलांनी हा प्रश्न विचारला की मला बरं वाटतं.

सरावाला एक, सोडवून

पाव आणि इडली, दोन्ही कार्बन डायऑक्साइडने फुगतात. दोघांची यंत्रणा सारखीच आहे का?

नाही. पावात यीस्ट असतं. ते ग्लुकोजचं पायरुवेट करतं आणि पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून ॲसिटाल्डिहाइड, त्याचं पुढे इथेनॉल. अल्फा-कीटो आम्ल, म्हणून थायमिन. इडलीच्या पिठात ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू काम करतात. त्यांच्या मार्गात ६-फॉस्फोग्लुकोनेट येतं. कार्बॉक्सिलला १ म्हणून मोजा: तिसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल. एन्झाइम त्याचं कार्बोनिल करतं, बीटा-कीटो आम्ल तयार होतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रिब्युलोज-५-फॉस्फेट उरतं. इथे थायमिनची गरज नाही, आयसोसिट्रेटचाच डाव. पिठात खायचा सोडा टाकलात तर तो वायू बायकार्बोनेटचा, त्याचे गुण मी देणार नाही.